चार मिलिमीटरचा रुग्ण

प्लास्टिकची एक ताटली, तळहाताएवढी. तिच्यात ओळीने ९६ खळगे आणि प्रत्येक खळग्यात थोड्याशा पाण्यात माशाचं एकेक पिल्लू. वय सात दिवस, लांबी जेमतेम चार मिलिमीटर. वरून कॅमेरा रोखलेला. पाण्यात पेंटिलिनटेट्राझोल नावाचं रसायन सोडलं जातं. प्रयोगशाळेत त्याला कोणी एवढ्या लांबलचक नावाने हाक मारत नाही. सगळे ‘पीटीझेड’च म्हणतात. काही मिनिटांत पिल्लांची चाल बदलते. आधी ती सैरावैरा पोहू लागतात. मग स्वतःभोवती गरगर फिरतात. शेवटी अंगाला झटके येतात, तोल सुटतो आणि पिल्लू आडवं होऊन तरंगत राहतं.

या तीन पायऱ्यांचं नेमकं वर्णन अमेरिकेतल्या सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातले मेंदूशास्त्रज्ञ स्कॉट बॅराबन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलं. पिल्लं नुसती बिथरली असतील, ही शंका त्यांनाही होतीच. म्हणून त्यांनी पिल्लू अगारच्या पारदर्शक थरात अलगद बसवलं आणि केसाहून बारीक टोकाची, काचेची विद्युतनळी त्याच्या मेंदूला लावली. पडद्यावर उमटलेल्या रेषा फिट आलेल्या मेंदूच्या आलेखाशी जुळणाऱ्या होत्या. माणसाच्या फिट आवरणारी काही औषधं पाण्यात मिसळली, तेव्हा त्या रेषा शांतही झाल्या. चार मिलिमीटरच्या जिवाला माणसासारखी फिट येते, आणि माणसाच्या गोळीने ती थांबते, हे तिथे दिसलं.

प्रवरेच्या काठावरच्या कोल्हारहून हे सगळं फार दूरचं वाटेल. नगर–मनमाड रस्त्यावरच्या या गावात नदीच्या एका काठाला राहाता तालुक्यातलं कोल्हार बुद्रुक आणि दुसऱ्या काठाला राहुरी तालुक्यातलं कोल्हार खुर्द. इथल्या बाजारात कोणाला फिट आली, तर आजही गर्दीतून कोणीतरी कांदा फोडून आणतो, कोणी चप्पल नाकाला लावायला सांगतो, कोणी दातखीळ उघडायला चमचा शोधतो. महाराष्ट्रातल्या कुठल्याही गावात यापेक्षा फार वेगळं घडत नाही. दोन-चार मिनिटांत फिट आपली आपण थांबते आणि श्रेय कांद्याला मिळतं.

हा आजार दुर्मीळ नाही. मुंबईतल्या पारशी समाजात डॉ. नादिर भरुचा आणि सहकाऱ्यांनी घरोघर जाऊन पाहणी केली. ती १९८८ मध्ये प्रसिद्ध झाली. हजार माणसांमागे पाचच्या आसपास लोकांना आयुष्यात कधी ना कधी अपस्माराने गाठलेलं आढळलं. तोच हिशेब धरला, तर दहा हजार वस्तीच्या गावात असे पन्नास जण निघतील. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने जगात सुमारे पाच कोटी लोकांना अपस्मार आहे आणि योग्य उपचार मिळाले, तर त्यांच्यातले ७० टक्के फिटविना जगू शकतात.

उरलेल्या ३० टक्क्यांचं काय, हा प्रश्न त्या ताटलीपाशी आणून सोडतो.

मांजर, उंदीर आणि एक फसलेली परीक्षा

मेंदूतल्या चेतापेशी एकमेकींशी विजेच्या अतिसूक्ष्म संकेतांनी बोलतात. काही पेशी पुढच्या पेशीला उद्दीपित करतात, काही तिला आवर घालतात. हा तोल बिघडला की पेशींचे मोठे समूह एकाच वेळी, एकाच तालात संकेत सोडू लागतात. हीच फिट. ती मेंदूच्या एका कोपऱ्यात राहिली, तर नुसता हात थरथरतो किंवा माणूस क्षणभर हरवल्यासारखा बघत राहतो. सगळ्या मेंदूत पसरली, तर शुद्ध जाते आणि अंग झटके देऊ लागतं. अशा फिट पुन्हा पुन्हा, विशेष कारण नसताना येऊ लागल्या की त्याला अपस्मार म्हणतात.

औषधांचा इतिहास बराचसा योगायोगाचा आहे. फेनोबार्बिटल हे झोपेचं औषध. जर्मन डॉक्टर आल्फ्रेड हाउप्टमान यांच्या १९१२ मध्ये लक्षात आलं की ते घेणाऱ्या रुग्णांच्या फिट कमी होतात. आपल्याकडे जुन्या रुग्णांना ते ‘गार्डिनाल’ म्हणून माहीत आहे. फेनिटॉइन मात्र मुद्दाम शोधून काढलेलं. बोस्टनमध्ये ह्यूस्टन मेरिट आणि ट्रेसी पटनम यांनी मांजरांना विजेचे झटके देऊन कोणतं रसायन फिट रोखतं, हे तपासलं आणि १९३८ मध्ये ते रुग्णांना दिलं. व्हॅल्प्रोएट तर द्रावक म्हणून वापरलं जात होतं. इतर रसायनं विरघळवण्यासाठी ते घेतलं, आणि १९६३ च्या सुमारास फ्रान्समधल्या संशोधकांना दिसलं की त्यात काहीही विरघळवा, प्राण्यांच्या फिट थांबतातच. म्हणजे गुण द्रावकाचाच होता.

त्या प्राण्यांना फिट आणली जात होती ती पीटीझेडनेच. या रसायनाची स्वतःची गोष्टही चमत्कारिक आहे. १९३० च्या दशकात बुडापेस्टचे डॉक्टर लाडिस्लास मेडुना ते मनोरुग्णांना टोचत, मुद्दाम फिट यावी म्हणून. फिट आली की स्किझोफ्रेनिया सुधारतो, अशी त्यांची समजूत होती. विजेचे झटके देण्याचा उपचार आल्यावर ती पद्धत मागे पडली. पुढे औषध म्हणून पीटीझेड बाद झालं. प्रयोगशाळेत मात्र ते फिट आणणारं हुकमी साधन म्हणून टिकलं.

विजेचा झटका आणि पीटीझेड या दोन परीक्षांवर कित्येक दशकं नवी औषधं पारखली गेली. मग लेव्हेटिरॅसेटाम आलं. या दोन्ही परीक्षांत ते नापास झालं होतं. मोठा आवाज झाला की फिट येणाऱ्या उंदरांच्या एका खास जातीत त्याचा गुण दिसला, म्हणून ते वाचलं. १९९९ मध्ये त्याला अमेरिकेत परवानगी मिळाली आणि आज जगभर ते भरपूर लिहून दिलं जातं. परीक्षा एकाच साच्याची असेल, तर तिच्यातून एकाच साच्याची औषधं बाहेर पडतात, असा संशय यामुळे बळावला.

आकडेही तेच सुचवत होते. ग्लासगोच्या पॅट्रिक क्वान आणि मार्टिन ब्रॉडी यांनी २००० मध्ये ५२५ रुग्णांचा पाठपुरावा प्रसिद्ध केला. ६३ टक्के रुग्णांच्या फिट थांबल्या, बाकीच्यांच्या नाहीत. त्यानंतर कितीतरी नव्या गोळ्या बाजारात आल्या, पण दाद न देणाऱ्यांचं प्रमाण एक तृतीयांशाच्या आसपासच राहिलं. त्यांच्यासाठी वेगळी औषधं हवी असतील, तर हजारो रसायनं तपासावी लागतील. हजारो उंदरांवर तसं करणं पैशाने, वेळाने आणि विवेकानेही परवडणारं नाही.

भारतीय मासा, परदेशातून परत

झेब्रा फिश हा मासा आपल्याच उपखंडातला. संथ ओढे, भातखाचरं, पुराच्या पाण्याची डबकी ही त्याची वस्ती. ईस्ट इंडिया कंपनीतले स्कॉटिश डॉक्टर फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी गंगा आणि तिच्या फाट्यांमधल्या माशांवर १८२२ मध्ये जे पुस्तक काढलं, त्यात त्याचं पहिलं शास्त्रीय वर्णन आहे. अंगावर निळे-रुपेरी आडवे पट्टे, लांबी तीन-चार सेंटिमीटर, काटक, काहीही खाणारा. त्यामुळे तो जगभरच्या काचेच्या टाक्यांमध्ये पोहोचला.

प्रयोगशाळेत तो शिरला तोही शोभेच्या माशांच्या दुकानातूनच. अमेरिकेतल्या ओरेगन विद्यापीठातले जॉर्ज स्ट्रायसिंगर मूळचे विषाणूंचे अभ्यासक. पाठीचा कणा असलेला, पण माशीइतका सहज वाढवता येणारा प्राणी त्यांना हवा होता. स्थानिक दुकानातून घेतलेल्या झेब्रा फिशच्या वाणांवर त्यांनी काम केलं आणि १९८१ मध्ये या माशाचे हुबेहूब एकसारखे वंशज तयार करण्याची पद्धत ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध केली. पुढे जर्मनीतल्या ट्युबिंगेनमध्ये क्रिस्टियाने न्यूसलाइन-फोलहार्ड आणि बोस्टनमध्ये वोल्फगांग ड्रीवर यांच्या गटांनी हजारो बदललेले वाण गोळा केले. १९९६ च्या डिसेंबरात ‘डेव्हलपमेंट’ या नियतकालिकाचा एक अख्खा अंक या माशाला वाहिलेला होता.

कारणं सरळ आहेत. एक मादी आठवड्याला दोनशेच्या आसपास अंडी देऊ शकते. फलन पाण्यात, आईच्या शरीराबाहेर होतं, त्यामुळे पहिल्या पेशीपासून सगळं सूक्ष्मदर्शकाखाली पाहता येतं. दोन-तीन दिवसांत पिल्लू बाहेर येतं, पाचव्या दिवशी ते पोहतं आणि स्वतः शिकार करतं. अंग पारदर्शक. औषध टोचावं लागत नाही, पाण्यात मिसळलं तरी शरीरात जातं. आणि २०१३ मध्ये या माशाचा पूर्ण जनुकसंच वाचून झाला, तेव्हा कळलं की माणसाच्या सुमारे ७० टक्के जनुकांचं किमान एकेक भावंड त्याच्यात आहे.

पारदर्शकतेचा फायदा मेंदूच्या अभ्यासात सर्वांत मोठा. चेतापेशी जागी झाली की उजळेल असं प्रथिन माशाच्या पेशींमध्ये बसवता येतं. २०१३ मध्ये अमेरिकेच्या जनेलिया संशोधन केंद्रातल्या मिशा आरेन्स आणि फिलिप केलर यांच्या चमूने प्रकाशाच्या पातळ पात्याने पिल्लाच्या मेंदूचे थरामागून थर टिपले. मेंदूत सुमारे एक लाख पेशी. त्यांतल्या ८० टक्क्यांहून अधिक पेशी स्वतंत्रपणे दिसत होत्या आणि दर १.३ सेकंदांनी सगळ्या मेंदूचं नवं चित्र मिळत होतं. फिट कुठे सुरू झाली, कोणत्या वाटेने पसरली, कुठे विझली, हे जिवंत, अखंड मेंदूत पाहण्याची सोय दुसऱ्या कोणत्याही कणावाल्या प्राण्यात इतकी सोपी नाही.

महाराष्ट्रात या माशाच्या टाक्या आता नवलाईच्या राहिलेल्या नाहीत. मुंबईत कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत महेंद्र सोनवणे यांची प्रयोगशाळा त्याच्या त्वचेच्या पेशींची जडणघडण अभ्यासते. सोनवणे यांनी ट्युबिंगेनला न्यूसलाइन-फोलहार्ड यांच्याकडे काम केलेलं आहे. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत हृदय आणि मणक्यांमधल्या चकत्या पुन्हा कशा भरून येतात, हे याच माशात पाहिलं जातं. फिटच्या बाबतीत जवळचं ठिकाण हैदराबाद. तिथल्या विद्यापीठाच्या आवारातल्या डॉ. रेड्डीज जीवनविज्ञान संस्थेत पुष्कर कुलकर्णी आणि सहकाऱ्यांनी गाबापेंटिन हे औषध पिल्लांना नव्हे, तर मोठ्या माशांना तोंडावाटे दिलं. पीटीझेडने येणारे झटके त्याने कमी झाले आणि डोक्यावरून नोंदवलेल्या विद्युतलहरीही मंदावल्या. हे काम २०१३ मध्ये प्रसिद्ध झालं. गोळी गिळणाऱ्या रुग्णाशी तुलना करायची, तर औषध माशाच्याही पोटातून गेलेलं बरं, हा त्यामागचा साधा विचार.

आंधळा समजलेला मासा

रसायन घालून फिट आणणं एक झालं, पण खरा रुग्ण पीटीझेड पीत नाही. त्याच्या मेंदूतच काहीतरी बिघडलेलं असतं. म्हणून पुढची पायरी होती जन्मतःच फिट येणारा मासा.

फ्रान्सच्या डॉक्टर शार्लोट द्रावे यांनी १९७८ मध्ये बाळांच्या एका भयंकर अपस्माराचं वर्णन केलं; आता तो त्यांच्याच नावाने ओळखला जातो. पहिल्या वाढदिवसाच्या आत, बहुतेकदा तापात किंवा गरम पाण्याच्या आंघोळीनंतर, लांबलेली फिट येते. मग फिट वाढत जातात आणि धडधाकट वाटणाऱ्या मुलाची वाढ मागे पडू लागते. २००१ मध्ये बेल्जियमच्या संशोधकांना कारण सापडलं: एससीएन१ए या जनुकातला दोष. हे जनुक चेतापेशीच्या आवरणातून सोडियम आत घेणारी वाहिनी तयार करतं. ती वाहिनी विशेषतः आवर घालणाऱ्या पेशींना लागते. त्या पेशी दुबळ्या पडल्या की बाकीच्या मोकाट सुटतात.

बहुसंख्य मुलांमध्ये हा दोष नव्याने उद्भवतो. तो आईत नसतो, बापातही नसतो. मूल आजारी निघालं की सुनेच्या माहेराकडे बोट दाखवणाऱ्या घरांनी ही गोष्ट नीट वाचावी. लसीचीही बदनामी अशीच. लसीनंतर ताप आणि तापात पहिली फिट आली की खापर लसीवर फुटतं. ऑस्ट्रेलियाच्या सॅम्युअल बर्कोव्हिक यांनी लसीने मेंदू बिघडल्याचा दावा असलेले १४ रुग्ण तपासले आणि २००६ मध्ये जाहीर केलं की त्यांच्यातल्या ११ जणांत एससीएन१ए जनुकच सदोष होतं.

माशाच्या पूर्वजांमध्ये फार पूर्वी सगळा जनुकसंच दुप्पट झाला, म्हणून या जनुकाच्या त्याच्याकडे दोन आवृत्त्या आहेत. त्यांतली एक बिघडलेला वाण दृष्टीचा अभ्यास करणाऱ्या प्रयोगशाळेत आधीच सापडला होता. हलत्या पट्ट्यांमागे त्याचे डोळे नीट फिरत नसत. बॅराबन यांच्या चमूने त्या पिल्लांच्या मेंदूला विद्युतनळी लावली, तेव्हा कोणतंही रसायन न घालता आपोआप फिट येताना दिसल्या. द्रावेच्या मुलांना ज्या उपचारांचा उपयोग होतो, त्यांतल्या व्हॅल्प्रोएट, डायझेपाम, स्टिरिपेंटॉल आणि तूप-तेलावर भर देणाऱ्या किटोजेनिक आहारासारख्या चरबीयुक्त खाण्याला ही पिल्लंही दाद देत होती.

मग चमूने ३२० रसायनं या पिल्लांवर तपासली. इथे झेब्रा फिश चाळणीसारखा वापरला गेला. पहिल्या चाळणीत कॅमेऱ्याने फक्त पोहणं मोजलं. पिल्लू शांत झालं म्हणजे औषध लागू पडलं असं नाही. ते गुंगीत गेलेलं असेल, विषबाधेने मरायला टेकलेलं असेल. म्हणून दुसऱ्या चाळणीत मेंदूच्या विद्युतलहरी पाहिल्या. शेवटी हाती राहिलं ते क्लेमिझोल, १९५० च्या दशकातलं, अॅलर्जीवरचं एक विसरलेलं औषध. निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले.

कथा इथे संपली असती, तर सोपी झाली असती. क्लेमिझोल अॅलर्जीच्या गुणाने काम करत नव्हतं. मेंदूत सिरोटोनिन या रसायनाचे संकेत पकडणाऱ्या ग्राहींवर त्याचा परिणाम होत होता. त्या धाग्यावरून चमूने वजन घटवण्याचं औषध लॉर्केसेरिन पारखलं. ते माशांत चाललं आणि २०१७ मध्ये पाच रुग्णांना खास परवानगीने दिल्यावर काही फरक पडल्याचंही नोंदवलं गेलं. पण २०२० च्या फेब्रुवारीत कॅन्सरचा धोका वाढण्याच्या शंकेने लॉर्केसेरिन अमेरिकेच्या बाजारातून मागे घ्यावं लागलं. त्याच वर्षीच्या जूनमध्ये फेनफ्लुरामिनला द्रावेसाठी परवानगी मिळाली. तेही वजनाचंच जुनं औषध, हृदयाच्या झडपांवरच्या दुष्परिणामांमुळे १९९७ मध्ये बंद झालेलं. आता कमी मात्रेत आणि हृदयाची नियमित तपासणी करत ते दिलं जातं. मात्र इथे आधी बेल्जियमच्या डॉक्टरांना रुग्णांत गुण दिसला आणि माशाने २०१५ मध्ये त्याला दुजोरा दिला. क्लेमिझोलच्या माणसांवरच्या चाचण्या त्यानंतर सुरू झाल्या.

हळद आणि वावडिंग

मराठी वाचकाला सर्वांत ओळखीची वाटेल ती गोष्ट बेल्जियममधल्या ल्यूवेन विद्यापीठात घडली. पारंपरिक वैद्यकात फिटवर वापरल्या जाणाऱ्या वनस्पती तिथला गट झेब्रा फिशवर तपासत होता. त्यांत आपली हळद होती. तिचा पिवळा रंग देणारं कर्क्युमिन सगळ्यांना माहीत आहे, पण या गटाने पाहिलं ते हळदीच्या उडनशील तेलाकडे. त्या तेलातल्या टर्मेरोन जातीच्या घटकांनी पीटीझेड दिलेल्या माशांच्या आणि नंतर उंदरांच्याही फिट कमी केल्या. निष्कर्ष २०१२ मध्ये आले.

दुसरं उदाहरण वावडिंगाचं. बाळाच्या पाण्यात वावडिंग घालण्याची रीत अजून अनेक घरांत आहे. त्यातलं एम्बेलिन हे रसायन मोनाश विद्यापीठाच्या मलेशियातल्या शाखेत मोहम्मद फारूक शेख यांच्या गटाने मोठ्या झेब्रा फिशना दिलं. फिट कमी झाल्याच, शिवाय त्या माशांची स्मरणशक्तीही टिकली, असं त्यांनी २०१९ मध्ये लिहिलं. माशाची स्मरणशक्ती मोजायला इंग्रजी ‘टी’ अक्षराच्या आकाराचा पाण्याचा मार्ग असतो. योग्य फाट्याला वळलं की माशाला आवडती जागा मिळते. वारंवार फिट आलेला मासा तो फाटा शोधायला जास्त वेळ घेतो. अपस्माराच्या रुग्णांच्या विसराळूपणाबद्दल घरचे लोक तक्रार करतात, त्याचंच हे लहान रूप.

हे वाचून कोणी गोळी बंद करून हळदीचं दूध सुरू करू नये. माशाला दिलेलं होतं वेगळं काढलेलं, मोजून मापून घेतलेलं रसायन. चमचाभर हळदीतून त्याची किती मात्रा माणसाच्या मेंदूपर्यंत पोहोचेल, हा सर्वस्वी निराळा प्रश्न आहे.

मासा काय सांगू शकत नाही

माशाच्या मेंदूत माणसासारखा घड्यांचा, सहा थरांचा बाह्यभाग नाही. कितीतरी अपस्मार नेमके तिथेच सुरू होतात. पाण्यात मिसळलेल्या औषधापैकी पिल्लाच्या शरीरात किती गेलं, हे नक्की कळत नाही. पाण्यात न विरघळणारी औषधं तर उगाचच नापास होतात. सात दिवसांच्या मेंदूची वाढ अजून चालू असते, तेव्हा साठीतल्या माणसाला अर्धांगवायूनंतर येणाऱ्या फिटबद्दल तो फार काही सांगत नाही. जनुक बिघडवलं म्हणजे फिट येईलच, असंही नाही. बॅराबन यांच्याच चमूने मुलांच्या गंभीर अपस्मारांशी जोडलेली कितीतरी जनुकं एकेक करून बिघडवली आणि २०२१ मध्ये निकाल मांडला: आपोआप फिट आल्या त्या मोजक्याच वाणांना.

आणि आपल्याकडच्या एका मोठ्या कारणापुढे तर ही चाळणी कामाचीच नाही. डुकराच्या मांसातल्या पट्टकृमीची अंडी माणसाच्या विष्ठेतून माती-पाण्यात आणि तिथून न धुतलेल्या भाजीवर येतात. ती पोटात गेली की कृमीच्या अळ्या मेंदूत जाऊन गाठी करतात आणि फिट येऊ लागतात. शुद्ध शाकाहारी माणसालाही हे होऊ शकतं. भारतात अपस्माराच्या ठळक कारणांपैकी हे एक आहे. त्यावरचा इलाज शौचालय, स्वच्छ पाणी आणि नीट धुतलेली कोथिंबीर इतका साधा आहे.

माशाला वेदना होतात का, हा प्रश्नही टाळता येत नाही. युरोपीय संघाच्या २०१० च्या नियमांनुसार पिल्लू स्वतः खाऊ लागलं, म्हणजे साधारण पाच दिवसांचं झालं, की त्याला कायद्याचं संरक्षण लागू होतं. भारतात १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखालची केंद्रीय समिती प्राण्यांवरच्या प्रयोगांवर देखरेख ठेवते. मासा छोटा आणि स्वस्त आहे म्हणून तो कसाही वापरावा, असं कोणतीही चांगली प्रयोगशाळा मानत नाही.

कोल्हारात आज काय करता येईल

माशातून निघालेलं औषध गावातल्या दुकानात येईल तेव्हा येईल. ज्यांच्या फिट आजच्या गोळ्यांनी थांबू शकतात, अशा रुग्णांना आजही त्या मिळत नाहीत किंवा ते त्या अर्ध्यात सोडतात, ही आपली खरी अडचण आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार गरीब देशांतल्या तीन चतुर्थांश रुग्णांना योग्य उपचार मिळत नाहीत. कोल्हारचं त्या मानाने बरं आहे. घोटीकडे जाणाऱ्या रस्त्याने काही किलोमीटरवर लोणी, आणि तिथे १९८४ पासूनचं ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आणि त्याचं मोठं रुग्णालय. पहिली फिट आली की देवऋष्याआधी तिथली पायरी चढावी.

फिटचा व्हिडिओ मोबाइलवर काढून डॉक्टरांना दाखवावा. नुसत्या वर्णनापेक्षा त्यातून आजाराचा प्रकार लवकर कळतो. प्रकार कळणं महत्त्वाचं, कारण द्रावेसारख्या आजारात फेनिटॉइन किंवा कार्बामाझेपिन दिलं, तर फिट वाढू शकतात. दोन वर्षं फिट आली नाही म्हणून स्वतःच्या मनाने गोळी थांबवू नये. रात्रपाळी, जागरण, दारू आणि चुकलेला डोस यांनी फिट ओढवू शकते; हंगामात रात्री उसाला पाणी धरणाऱ्याने हे विशेष लक्षात ठेवावं. फिट येणाऱ्याने विहिरीत किंवा प्रवरेच्या कालव्यात एकट्याने उतरू नये आणि चुलीशी एकट्याने बसू नये. गर्भवतीने व्हॅल्प्रोएट चालू असेल, तर ते आपणहून बंदही करू नये आणि डॉक्टरांपासून लपवूही नये, कारण त्याचा गर्भावर परिणाम होऊ शकतो.

लग्नाचा प्रश्न कायद्याने केव्हाच मिटवलेला आहे. हिंदू विवाह कायद्यात अपस्मार हे लग्न रद्द ठरवण्याचं एक कारण होतं. १९९९ च्या दुरुस्तीने ते काढून टाकलं. पुण्यात यशोदा वाकणकर यांचा ‘संवेदना’ हा गट रुग्णांना आणि घरच्यांना एकत्र आणतो, लग्नं जुळवायलाही मदत करतो. १७ नोव्हेंबरला देशभर राष्ट्रीय अपस्मार दिन पाळला जातो. त्या निमित्ताने शाळेत, ग्रामसभेत किंवा बचतगटाच्या बैठकीत अर्धा तास या विषयाला देता येईल.

त्या अर्ध्या तासात एवढं शिकवलं तरी पुरे. फिट आलेल्या माणसाला कुशीवर वळवा. डोक्याखाली काहीतरी मऊ ठेवा, गळ्याजवळचं बटण सैल करा, आजूबाजूचे दगड, खुर्ची, शेगडी दूर करा. हातपाय दाबून धरू नका. तोंडात चमचा, पाणी, गोळी काहीही घालू नका. कांदा आणि चप्पल बाजूला ठेवा. घड्याळ बघा. फिट पाच मिनिटांत थांबली नाही, एक संपून शुद्ध येण्याआधी दुसरी आली, किंवा ती पहिलीच असेल, तर १०८ ला फोन करा.